राखीव पाट आणि मोठी पंगत : बुद्धिबळातलं २०२५ साल

हेदवीहून बोलते आहे. आजचा विषय ऐकल्यावर काहीजणी म्हणतील, "हा काही आपला विषय नव्हे." विषय आहे बुद्धिबळाचा. पण पीठ मळता मळता, भाजी निवडता निवडता ऐकत राहा. शेवटी विषय आपल्याच दारात येणार आहे.

२०२५ सालचा पहिला श्रावणी सोमवार आठवा. तारीख होती २८ जुलै. आपल्याकडे लावण्या उरकत आल्या होत्या. उपास धरलेल्या बायका वेळणेश्वराच्या दर्शनाला निघाल्या होत्या. त्याच दिवशी इथून हजारो मैल दूर, जॉर्जिया नावाच्या देशात, काळ्या समुद्राच्या काठी बाटुमी शहरात दोन भारतीय बायका एका पटासमोर बसल्या होत्या. एक होती नागपूरची दिव्या देशमुख, वय १९. दुसरी आंध्र प्रदेशची कोनेरू हम्पी, वय ३८, एका मुलीची आई. महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाचा अंतिम सामना होता आणि दोन्ही बाजूंना आपणच होतो. असं या स्पर्धेत पहिल्यांदाच घडत होतं.

त्या दिवशी दिव्या जिंकली. उठून आईच्या गळ्यात पडली आणि रडली. ते चित्र पुष्कळजणींनी मोबाइलवर पाहिलं असेल. पण तो डाव एका दिवसाचा नव्हता. त्याच्या मागे पन्नास वर्षांचा रस्ता आहे, आणि तो रस्ता आपल्या मराठी मुलींनी पाडलेला आहे. तोच आज सांगायचा आहे.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. चौसष्ट घरांचा पट, प्रत्येकीकडे सोळा सोंगट्या. राजा, वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे आणि पुढे आठ प्यादी. समोरच्या राजाला असं कोंडायचं की त्याला जायला घर उरू नये. हा खेळ मुळात आपल्याकडचा. चतुरंग म्हणायचे त्याला, कारण सैन्याची चार अंगं त्यात होती. इथून तो इराणात गेला, अरबांकडे गेला, मग युरोपात गेला.

आता गंमत बघा. जुन्या खेळात वजीर फार दुबळा होता. तिरकं एकच घर चालायचा. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी युरोपात त्या सोंगटीला मोठी ताकद मिळाली. सरळ, आडवी, तिरकी, हवी तितकी घरं ती चालू लागली. तिकडे त्या सोंगटीचं नाव होतं राणी. आपल्याकडे ताकद आली पण नाव वजीरच राहिलं. म्हणजे पटावरची सगळ्यात बलवान सोंगटी राणी झाली त्याला पाचशे वर्षं होऊन गेली. पटासमोर बाई बसायला मात्र त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला.

महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९२७ साली लंडनला झाली. ती जिंकली वेरा मेंचिक हिने. दोन वर्षांनी, १९२९ साली, कार्ल्सबाडला एका मोठ्या स्पर्धेत ती पुरुषांबरोबर खेळायला बसली. बावीस खेळाडू होते आणि त्यांत ती एकटी बाई. आल्बर्ट बेकर नावाच्या एका खेळाडूने थट्टा केली, की जो कोणी हिच्याकडून हरेल त्याला 'वेरा मेंचिक क्लब'चा सभासद करू. त्या क्लबात पहिला नंबर लागला तो खुद्द बेकरचाच. वेरा त्या स्पर्धेत शेवटची आली, हेही खरं. पण शेवटची येऊनसुद्धा तिने दाखवून दिलं की या पंगतीत बाईला बसता येतं. पुढे त्या क्लबात बरीच मोठी मोठी नावं जमा झाली.

आता आपल्या घरी येऊ. भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली बंगळूरला झाली. ती जिंकली मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांची ही मुलगी. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचं हे घराणं. वासंतीच्या पाठच्या जयश्री आणि रोहिणी. तिघीही बहिणी बुद्धिबळ खेळायच्या आणि अशा खेळायच्या की सुरुवातीची जवळजवळ दहा वर्षं देशाचं महिला विजेतेपद या तीन बहिणींच्या बाहेर गेलंच नाही. जयश्री १९७९ साली वुमन इंटरनॅशनल मास्टर झाल्या. हा किताब मिळवणारी ती पहिली भारतीय बाई.

यातली सगळ्यात धाकटी रोहिणी. जन्म १९६३ चा. १९७६ साली, म्हणजे तेराव्या वर्षी, ती देशाची महिला विजेती झाली. एवढ्यावर थांबली असती तर सगळ्यांनी कौतुक केलं असतं. पण त्याच साली ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही खेळायला बसली आणि गहजब झाला. मुलींसाठी वेगळी स्पर्धा आहे ना, मग ही इथे कशाला? तेरा वर्षांची परकरी पोर, समोर मिशीवाले बाप्ये. हरली तर म्हणणार, सांगितलं होतं. जिंकली तर त्यांची पंचाईत.

प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल मुलीच्या बाजूने लागला. तेव्हा जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष होते मॅक्स यूव. हॉलंडचे, स्वतः एकेकाळचे विश्वविजेते. त्यांनीही निर्णय दिला की राष्ट्रीय असो वा आंतरराष्ट्रीय, बाईला बाई म्हणून कुठल्याही स्पर्धेतून अडवता येणार नाही.

मैत्रिणींनो, हे वाक्य नीट ऐका. ज्या गटाला लोक 'पुरुषांचा गट' म्हणत होते, तो पुरुषांचा नव्हताच. तो सगळ्यांचा होता. आज त्याला 'खुला गट' म्हणतात. बायकांसाठी वेगळा गट आहे, पण खुल्या गटाचं दारही त्यांना बंद नाही. हा अर्थ ठसठशीत झाला तो एका मराठी मुलीमुळे.

हे आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आपण हे ग्रामपंचायतीत भोगलं आहे. १९९२ साली ७३वी घटनादुरुस्ती झाली आणि पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा राखीव मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. राखीव जागा आली म्हणून आपल्यातल्या कितीजणी पहिल्यांदा खुर्चीत बसल्या. ती नसती तर आपल्याला कोणी विचारलंही नसतं. पण त्याचबरोबर एक गैरसमजही वाडीवाडीत पसरला. राखीव जागा असेल तरच बाईने उभं राहायचं, सर्वसाधारण जागा आली की ती बाप्यांची. कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. सर्वसाधारण जागा सगळ्यांची, त्यात बाईसुद्धा आली. कागदावर दार उघडं असतं आणि आपणच ते बंद आहे असं समजून मागे फिरतो.

आपल्याकडच्या पंगतीचं उदाहरण घ्या. बायकांची पंगत मागून बसते. तिथे पाट मिळतो, पण भाजी कधी संपलेली असते. राखीव पाट हवाच, कारण तो नसेल तर काहीजणी उपाशी राहतील. पण मोठ्या पंगतीत बसायची कोणी मनाई केली नसेल, तर तिथेही बसून बघायला हवं. बुद्धिबळातल्या बायकांचा इतिहास म्हणजे या दोन पंगतींचा इतिहास आहे.

रोहिणी खाडिलकर पुढे १९८१ साली हैदराबादला आशियाई महिला विजेती झाल्या. १९८३ साली क्वालालंपूरला त्यांनी ते पद पुन्हा मिळवलं. मग सांगलीकडून भाग्यश्री साठे आल्या, लग्नानंतरच्या भाग्यश्री ठिपसे. पाच वेळा देशाच्या विजेत्या, आणि १९९१ साली भोपाळला आशियाई विजेत्या. सांगली हे तर बुद्धिबळाचं गावच. तिथे भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं आणि लहान लहान मुलामुलींना पटासमोर बसवलं. अनुपमा अभ्यंकर, म्हणजे अनुपमा गोखले, याही पाच वेळा देशाच्या विजेत्या झाल्या. स्वाती घाटे, सौम्या स्वामीनाथन, ईशा करवडे अशी मराठी मुलींची रांग लागली. पण ग्रँडमास्टर हा खेळातला सर्वात मोठा किताब महाराष्ट्रातल्या एकाही बाईला मिळाला नव्हता.

तो किताब का कठीण, तेही सांगते. खेळाडूचा दर्जा आकड्यांत मोजतात. जिंकलं की आकडा वाढतो, हरलं की उतरतो. तो आकडा २५०० वर जावा लागतो. शिवाय तगड्या खेळाडूंच्या स्पर्धांमध्ये ठरावीक दर्जाचा खेळ करून दाखवावा लागतो, आणि तोही साधारण तीन वेळा. या किताबात बाईला सवलत नाही. देशात २०२५ पर्यंत ८७ ग्रँडमास्टर झाले होते आणि त्यांत बायका तीनच. हम्पी, हरिका द्रोणवल्ली आणि चेन्नईची वैशाली.

आता दिव्याकडे येऊ. जन्म ९ डिसेंबर २००५, नागपूर. आईवडील दोघे डॉक्टर. पाचेक वर्षांची असताना खेळायला लागली. २०१४ साली दहा वर्षांखालच्या मुलींची जगज्जेती झाली, २०१७ साली बारा वर्षांखालच्या मुलींची. २०२४ च्या जूनमध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालच्या मुलींची जगज्जेती झाली. त्याच साली सप्टेंबरमध्ये हंगेरीत बुडापेस्टला ऑलिंपियाड झालं. तिथे भारताच्या महिला संघाने पहिल्यांदा सुवर्णपदक मिळवलं. त्या संघात दिव्या होती आणि तिच्या पटावरचं वैयक्तिक सुवर्णही तिनेच घेतलं.

पण २०२४ च्या सुरुवातीची एक गोष्ट यापेक्षा महत्त्वाची वाटते. जानेवारीत नेदरलँड्समध्ये विक आन झे या गावी मोठी स्पर्धा होती. तिथे ती पुरुष खेळाडूंच्या बरोबरीने खेळली, काही चांगले डाव खेळली. मग तिने उघडपणे लिहिलं, की बघणारे लोक माझ्या खेळाबद्दल बोलत नाहीत. माझे कपडे, केस, बोलण्याची ढब यांवर बोलतात. पुरुष खेळाडूंना मात्र त्यांच्या चालींबद्दल विचारतात. तेव्हा ती १८ वर्षांची होती. आपल्यातली एखादी ग्रामसभेत उठून पाण्याच्या टाकीचा हिशेब विचारते, आणि बाहेर पडल्यावर चर्चा होते ती तिने पदर कसा घेतला होता याची. नागपूरच्या मुलीने तीच गोष्ट जगाच्या व्यासपीठावरून बोलून दाखवली आणि मग पुन्हा पटावर बसली.

२०२५ चा विश्वचषक जॉर्जियात झाला हाही एक योग. हा देश लहान, पण बायकांच्या बुद्धिबळाचं माहेर. नोना गाप्रिंदाश्विली ही तिथली. १९६२ पासून १९७८ पर्यंत ती जगज्जेती होती, आणि ग्रँडमास्टर किताब मिळालेली जगातली पहिली बाईही तीच. तिच्यानंतर माया चिबुर्दानिद्झे १९९१ पर्यंत जगज्जेती होती. तीही जॉर्जियाचीच. तिथे पूर्वी लग्नात मुलीला बुद्धिबळाचा पट द्यायची रीत होती, असं सांगतात. आपल्याकडे मुलीबरोबर हंडे, कळशी, पाटा जायचा. तिकडे त्यात पटही जायचा. सासरी जाऊन खेळायला वेळ मिळत होता की नाही, ते त्या बायकाच जाणोत.

बाटुमीत १०७ खेळाडू जमल्या होत्या. मानांकनात दिव्या पंधरावी. म्हणजे तिच्यावर पैज लावावी असं फारसं कोणाला वाटत नव्हतं. या स्पर्धेत हरलं की घरी जायचं असतं. दोघींत आधी दोन मोठे डाव होतात. त्यात बरोबरी झाली तर मग झटपट डाव. दिव्याने चौथ्या फेरीत चीनच्या झू जिनेरला बाहेर काढलं. तिला दुसरं मानांकन होतं. पुढच्या फेरीत आपल्याच हरिकाला हरवलं. उपांत्य फेरीत समोर चीनची तान झोंगयी होती. ती २०१७ ची जगज्जेती. त्यातला एक डाव १०१ चाली चालला. भात कापायला उभं राहिल्यावर शेवटच्या दळ्यापर्यंत कंबर वर करायची नाही, तसा तो डाव होता. दिव्याने तो जिंकला.

मग हम्पीशी अंतिम सामना. हम्पीची कहाणी ऐकल्याशिवाय या सालाची कहाणी पुरी होणार नाही. ती २००२ साली पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. भारतातली पहिली बाई. तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. पुढे लग्न झालं, २०१७ साली मुलगी झाली आणि तिने दोनेक वर्षं खेळ थांबवला. लोक म्हणतात तसंच म्हणाले असतील, संपलं आता हिचं. पण २०१९ च्या डिसेंबरमध्ये ती मॉस्कोला जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला पुन्हा झाली. आणि २०२५ मध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचली. बाळंतपणानंतर ज्या बायकांनी शिवणयंत्रावर कायमचं फडकं टाकलं, किंवा भजनातली पेटी माळ्यावर ठेवली, त्यांनी या हरलेल्या बाईकडेही नीट बघावं. अंतिम सामन्यात हरणं ही लहान गोष्ट नव्हे.

२६ आणि २७ जुलैला दोन मोठे डाव झाले. दोन्ही बरोबरीत. २८ ला झटपट डाव सुरू झाले. पहिला तोही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळ्या सोंगट्या होत्या. म्हणजे पहिली चाल समोरचीची, थोडी उतरती बाजू. डाव लांबत गेला. घड्याळ पळत होतं. हम्पीकडे वेळ कमी राहिला आणि तिच्या हातून चूक झाली. दिव्याने ती सोडली नाही. हम्पीने हार मान्य केली आणि नागपूरची मुलगी विश्वचषक जिंकली.

विश्वचषक जिंकणारीला ग्रँडमास्टर किताब थेट मिळतो असा नियम आहे. बाटुमीला जाताना दिव्याच्या हातात त्यासाठीच्या तीन पायऱ्यांपैकी एकही नव्हती. परत आली ती ग्रँडमास्टर होऊन. देशाची ८८वी, बायकांमध्ये चौथी आणि महाराष्ट्रातली पहिली बाई ग्रँडमास्टर. बक्षीस होतं ५० हजार डॉलर. महाराष्ट्र सरकारनेही तिला तीन कोटी रुपये देऊन गौरवलं.

वर्तमानपत्रांत ही गोष्ट इथे संपली. पुढचा भाग फार थोड्यांनी लिहिला, पण आपल्या आजच्या विषयाचा गाभा त्यातच आहे.

सप्टेंबरमध्ये उझबेकिस्तानात समरकंदला आणखी एक मोठी स्पर्धा झाली. तिथे महिलांचा वेगळा गट होता. दिव्या त्या गटात खेळली असती तर मानाने पहिल्या काहीजणींत राहिली असती. पण ती खुल्या गटात बसली. त्या गटात तिची गाठ पडली गुकेशशी. तो आपलाच, चेन्नईचा, पण तेव्हाचा जगज्जेता. दिव्याने त्याच्याशी बरोबरी केली. तिकडे महिलांचा गट जिंकला वैशालीने. एकाच स्पर्धेत एक आपल्या पाटावर पहिली आली आणि दुसरी मोठ्या पंगतीत जगज्जेत्यासमोर टिकली. दोन्ही गोष्टी बायकांच्याच, आणि दोन्ही लागतात.

मग नोव्हेंबर आला आणि स्पर्धा आली आपल्या शेजारी, गोव्याला. खुला विश्वचषक. जगातून २०६ खेळाडू आले आणि त्यांत बाई एकच, दिव्या देशमुख. तिला खास आमंत्रणावरून जागा मिळाली होती. ती पहिल्याच फेरीत ग्रीसच्या खेळाडूकडून हरली. तीन महिन्यांपूर्वी जिच्या गळ्यात हार पडले, ती इथे पहिल्या दोन-तीन दिवसांतच बाहेर गेली.

काहीजण लगेच म्हणाले असतील, बघा, बायकांमध्ये ठीक आहे. पण आपण वेरा मेंचिकची गोष्ट ऐकली आहे. १९२९ साली बावीसजणांत एकटी, आणि शेवटची. १९७६ साली रोहिणी, तेराव्या वर्षी, आणि तिच्यापायी कोर्टकचेरी. २०२५ साली २०६ जणांत एकटी दिव्या, आणि या वेळी कोणीही विचारलं नाही की ही इथे कशाला. तिचा पराभव हा एका खेळाडूचा पराभव म्हणून लिहिला गेला. जगज्जेता गुकेशसुद्धा त्याच स्पर्धेत तिसऱ्या फेरीत हरला. तो हरला तेव्हा कोणी म्हटलं नाही की पुरुषांना हा खेळ जमत नाही. बाईलाही तसंच एकटीपुरतं हरता यावं, सगळ्या बायकांच्या वतीने नव्हे, एवढ्यासाठी पन्नास वर्षं लागली. माझ्या मते २०२५ या सालाची खरी कमाई चषकाइतकीच ही आहे.

आता आपल्या दारात येऊ. म्हटलं होतं ना, येणार म्हणून.

बाईला बुद्धिबळ का कमी येतं? डोक्याचा प्रश्न नाही. महिना बचतीचे हप्ते, कर्जाची परतफेड, दुकानाची उधारी, मुलाची फी, हे सगळं तोंडावर ठेवणाऱ्या बायकांना चार चाली पुढचं दिसत नाही, असं कोण म्हणेल? प्रश्न आहे बसायच्या वेळेचा. गणपतीत चाकरमानी आले की आपल्या पडवीत काय दिसतं ते आठवा. पत्ते असतात, कॅरम असतो. खेळायला बसलेले पुरुष आणि मुलगे असतात. आत चुलीपाशी बायका आणि मुली असतात. मुलगी दारात उभी राहून कॅरम बघते तेवढ्यात आतून हाक येते, "अगं, पानं मांड." मुलगा खेळता खेळता तयार होतो. मुलगी बघता बघता मोठी होते.

दिव्याच्या घरी शिक्षण होतं, पैसा होता, शहर होतं. तरीही आईला वर्षानुवर्षं तिच्याबरोबर स्पर्धांना फिरावं लागलं. खाडिलकर बहिणींच्या घरी वडील पाठीशी उभे होते. हम्पीला वडिलांनीच शिकवलं. प्रत्येक मुलीच्या मागे घरातलं कोणीतरी आहे ज्याने तिला म्हटलं, तू बस, पानं मी मांडतो. बक्षिसाचे तीन कोटी नंतर येतात. आधी लागतो तो रोजचा एक तास, आणि तो सरकार देत नाही. तो घरातूनच द्यावा लागतो.

या खेळाला मैदान लागत नाही. बूट लागत नाहीत. पाऊस आडवा येत नाही, आणि आपल्याकडे चार महिने तर पाऊसच असतो. एक पट आणि सोंगट्यांचा संच गटाला सहज परवडतो. तो गटाच्या पेटीत ठेवावा. महिन्याची बैठक भरते तेव्हा बरोबर आलेल्या मुलींना तो मांडून द्यावा. शिकवायला शाळेतले सर किंवा बाई असतील, सुट्टीत आलेला कुणाचा भाचा असेल. आणि मुलींनी शिकल्यावर एखाद्या आजीला शिकवावं. साठीनंतर शिकू नये असा नियम बुद्धिबळात नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. स्पर्धेचा अर्ज आला की तो पुरता वाचायचा. शाळेच्या स्पर्धांत मुलींचा गट वेगळा असतो, तिथे मुलीला जरूर बसवा. तो तिचा पाट आहे, तो सोडायचा नाही. पण जिथे 'खुला गट' असं लिहिलेलं असेल तिथे कोणी म्हणालं, "ही मुलांची स्पर्धा आहे," तर शांतपणे सांगा, की खुला म्हणजे सगळ्यांना खुला. ही गोष्ट १९७६ सालीच ठरलेली आहे आणि ती ठरायला एक मराठी मुलगी कारण झाली होती.

मुलगी तिथे हरेल कदाचित. पहिल्या फेरीतच हरेल. हरू दे. घरी आली की तिला कपडे कसे झाले, कोण कोण भेटलं, हे मागाहून विचारा. आधी विचारा, "चाल कुठे चुकली गं?" ती पट मांडून दाखवायला लागेल. तेव्हा समोर बसा, आणि तिचं दाखवून होईपर्यंत चुलीवरचं घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बघू दे.